स्पे नदीवर एक आठवडा: मे महिन्यातला सॅमन

रविवार

स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमनसाठी गळ टाकता येत नाही, कायदाच तसा आहे. त्यामुळे नदीचा आठवडा सोमवार ते शनिवार असा सहा दिवसांचा. रविवार उरतो तो पोचायला, सामान लावायला आणि काठाने नुसती चक्कर मारायला. ही चक्कर चुकवू नये. हातात रॉड नसला की नजर पाण्यावर राहते. कुठे गोटे वर आलेत, खळाळ संपून पाणी कुठे गुळगुळीत होतं, कुठून आत उतरता येईल आणि मुख्य म्हणजे कुठून बाहेर येता येईल, हे सगळं आजच बघून ठेवायचं.

मुक्काम ग्रँटाउन-ऑन-स्पेला. इन्व्हरनेसहून साधारण ५५ किलोमीटर, गाडीने तासाभराच्या आत. लंडनहून रात्रीची रेल्वेगाडी घेतली तर सकाळी ॲव्हिमोरला उतरायचं, तिथून पुढे २४ किलोमीटर. मेच्या मध्याला पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. वेळ भरपूर मिळतो, पण सबंध दिवस पाण्यात उभं राहण्यात अर्थ नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक घोळ आधी निस्तरायला हवा. मुंबईत हॉटेलच्या मेनूवर रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. रावस हा समुद्राचा आणि खाडीचा मासा, सॅमनशी त्याचं कसलंही नातं नाही. अटलांटिक सॅमन जन्मतो नदीच्या गोट्यांत. दोन-तीन वर्षं तिथे वाढतो, मग अंगावर चांदी चढवून समुद्रात उतरतो. तिथे एक, दोन, क्वचित तीन हिवाळे काढून अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. एक हिवाळा काढून आलेला तो ग्रिल्स. मार्च ते मे या काळात येणारे बहुतेक दोन हिवाळ्यांचे, जाडजूड, त्यांना स्प्रिंगर म्हणतात. आणि नदीत शिरल्यावर सॅमन खात नाही. अंगातल्या चरबीवर महिनोन्महिने काढतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकी सगळं तिच्यातून सुटत जातं. भुकेल्या माशाला फसवायचं हे काम नाही. त्याच्यासमोरून योग्य खोलीवर, योग्य वेगाने काहीतरी गेलं तर तो कधीतरी तोंड उघडतो. खोली आणि वेग, आठवडाभर हेच दोन प्रश्न.

परवान्याबद्दल. इंग्लंडसारखा सरकारी रॉड-परवाना स्पेवर लागत नाही, पण सॅमन पकडण्याचा हक्क ही इथे जमिनीपासून वेगळी अशी खासगी मालमत्ता आहे आणि हक्कदाराच्या लेखी परवानगीशिवाय मासेमारी हा गुन्हा आहे. नदीचे तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकडा म्हणजे एक बीट. मोठ्या खासगी बीटवर गिली असतो. नदीचा दगडन् दगड माहीत असलेला माणूस. तो सांगेल ते ऐकावं. ग्रँटाउनच्या स्थानिक संघटनेच्या पाण्यावर पाहुण्यांना माफक दरात तिकीट मिळतं, तिथे गिली नसतो. स्पेचा हंगाम ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर. स्कॉटलंडभर ३१ मार्चपर्यंत प्रत्येक सॅमन परत सोडणं सक्तीचं आहे. त्यानंतर नदीच्या मंडळाचं त्या वर्षीचं धोरण आणि बीटचे नियम वाचायचे. आमच्या मते नियम काहीही म्हणो, स्प्रिंगर सोडूनच द्यावा.

संध्याकाळी सामान. रॉड १४ किंवा १५ फुटी, दोन्ही हातांनी धरायचा, दहा नंबरच्या लाइनचा, चार तुकड्यांचा. रिळावर ३० पौंडी बॅकिंग, म्हणजे लाइनमागची राखीव दोरी, किमान १५० मीटर, त्यावर ५५ फुटांच्या आसपासचं हेड, म्हणजे पुढचा जाड वजनदार भाग, असलेली तरंगती लाइन. हेडच्या टोकाला दहा फुटी पॉलिलीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा जोडतुकडा, जोडायचा. हे वेगवेगळ्या वेगाने बुडणारे निदान तीन तरी जवळ हवेत. त्यापुढे १५ ते २० पौंडी नायलॉन, पाच-सहा फूट.

रॉड जोडल्यावर प्रत्येक सांध्यावर विजेच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळायचीच. स्पे कास्टमध्ये, म्हणजे लाइन मागे न टाकता फेकण्याच्या इथल्या रीतीत, रॉडला दर फेकीला पीळ बसतो आणि सांधे नकळत सैल होतात. सैल सांध्यावर जोर आला की एक तर वरचे तुकडे लाइनबरोबर पाण्यात जातात, नाहीतर सांध्याची कड उभी चिरते. इथे मोडणारे कितीतरी रॉड मासा लागलेला नसतानाच मोडतात.

परदेशातून, विशेषतः नॉर्वे-स्वीडनकडून, सामान आणलं असेल तर ते निर्जंतुक करूनच नदीवर न्यायचं. जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस नावाच्या परजीवीने नॉर्वेतल्या कित्येक नद्यांमधली सॅमनची पिल्लं संपवली. ब्रिटनमध्ये तो अजून आलेला नाही. वेडर (पाण्यात उतरायचा छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख) आणि बूट किमान २० अंशांच्या उबेत दोन दिवस खडखडीत वाळवणं, हा सर्वांत सोपा उपाय.

सोमवार

सकाळी नऊला पाण्याचं तापमान ८ अंश. थर्मामीटर दोरीने बांधून गुडघाभर पाण्यात दोन मिनिटं ठेवायचा. काठालगतच्या उथळ पाण्यात नको, तिथे आकडा फसवा येतो.

मे महिन्यात इतकं गार पाणी कसं, तर वर केर्नगॉर्म डोंगरांवर अजून बर्फ असतं. स्वच्छ ऊन पडलं की दुपारी बर्फ वितळतं, आणि संध्याकाळी नदी बोटभर चढून उलट अर्धा-एक अंश गार होते. म्हणून तापमान दिवसातून तीनदा घ्यायचं.

आकड्यावरून सामान ठरतं. पाच अंशांखाली मासा सुस्त, तळाशी. तेव्हा सर्वांत जलद बुडणारा लीडर आणि दीड-दोन इंची पितळी किंवा तांब्याची ट्यूब, म्हणजे केस बांधलेली आमिषाची नळी. पाच ते दहाच्या मध्ये मंद बुडणारा लीडर आणि इंच-दीड इंची ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकची ट्यूब. दहाच्या वर पाणी गेलं की सगळं तरंगतं लावायचं आणि सहा ते आठ नंबरच्या दुहेरी गळावर केसा-पिसांची बांधलेली नकली माशी (पुढे ट्यूबलाही माशीच म्हटलं आहे). पंधराच्या वर दहा-बारा नंबर, म्हणजे आणखी लहान. १८ च्या पुढे सोडलेला मासा जगण्याची शक्यता घटत जाते, आणि २० ला रॉड आवरून ठेवायचा.

आठ अंशांना इंचभर विली गन लावली, म्हणजे काळे, पिवळे आणि नारिंगी केस बांधलेली ट्यूब. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. पीटच्या दलदलीतून झिरपून येणाऱ्या या पाण्यात पिवळं-नारिंगी लांबून उठून दिसतं.

डोहाच्या मानेपाशी, म्हणजे वरच्या टोकाला, सुरुवात करायची. पहिली फेक जेमतेम दोन रॉडलांबीची. पायाशी मासा नसेल असं समजून सरळ तीस मीटरवर फेकणारे लोक पहिल्या पाच मिनिटांत निम्मा डोह बिघडवतात. दर फेकीला मीटरभर लाइन वाढवत आवाक्यातलं अंतर गाठायचं आणि मग प्रत्येक फेकीनंतर एक-दोन पावलं खाली सरकायचं. कोन प्रवाहाच्या दिशेने ४५ अंश. पाणी गार असेल तर आणखी खाली, ३० अंशांपर्यंत, म्हणजे माशी सावकाश फिरते. लाइन पडताच रॉडच्या टोकाने तिचं पोट प्रवाहाविरुद्ध उचलून ठेवायचं. हे केलं नाही तर मधली धार लाइनला पुढे ओढते आणि माशी शेपटासारखी फरफटत पृष्ठभागावर येते. फेरी पूर्ण होऊन माशी आपल्या रेषेत खाली आली की लगेच ओढायची नाही, आठ-दहा सेकंद तशीच लटकू द्यायची. मागून आलेला मासा पुष्कळदा इथेच घेतो.

डोहात कोणी आधीपासून असेल तर त्याच्या मागे, वरच्या टोकाने शिरायचं. त्याच्या खाली उतरणं हा इथला सर्वांत मोठा असभ्यपणा समजला जातो.

मासा कुठे थांबतो? साधारण माणसाच्या चालीने वाहणारं पाणी, खोली छातीपासून डोक्यापर्यंत, आणि तळाशी मोठे दगड. दगडाच्या मागेच नव्हे, पुढेही थांबतो. पाण्याचा दाब दगडावर आदळून तिथे एक उशी तयार होते.

मंगळवार

वारा. स्पेच्या खोऱ्यात तो नदीच्या रेषेतच वाहतो, वर किंवा खाली. काठावर झाडी आणि उंच दरडी, मागे लाइन उडवायला जागा नाही. एकोणिसाव्या शतकात याच अडचणीतून लाइन मागे न टाकता फेकण्याची रीत इथे रुजली, आणि तिला नदीचंच नाव मिळालं.

नियम एकच आहे आणि तो मोडला तर गळ गालात किंवा डोळ्यात जातो: माशी नेहमी शरीराच्या त्या बाजूला, जिकडे वारा तिला आपल्यापासून दूर नेईल. वारा प्रवाहाच्या दिशेने असेल तर डबल स्पे, प्रवाहाविरुद्ध असेल तर सिंगल स्पे. टोपी आणि चष्मा दोन्ही वेळी घालायचे.

आज वारा खालच्या दिशेने होता. उजव्या काठावर उभं राहून नदीकडे तोंड केलं की पाणी डावीकडून उजवीकडे जातं. उजवा हात वर, डावा खाली मुठीवर. लाइन आपल्या उजवीकडे, खाली ताणलेली.

रॉडचं टोक पाण्याला टेकवून सुरुवात. सावकाश डोळ्यांच्या उंचीपर्यंत उचला, लाइन पाण्यावरून सुटते. तसंच टोक अंगासमोरून डावीकडे, प्रवाहाविरुद्ध न्या आणि खाली ठेवा. लाइन आता समोर पाण्यावर पडलेली, पण माशी मात्र अजून उजवीकडे, आपल्यापासून रॉडच्या लांबीइतकी दूर. आता टोक किंचित चढत्या रेषेत परत उजवीकडे फिरवा. पाण्यावरून लाइन चर्र आवाज करत सोलली जाते, मागे तुषारांची पांढरी रेघ उठते. न थांबता टोक खांद्यामागे वर. लाइनचा फुगलेला अर्धगोल मागे हवेत आणि तिचं टोक माशीसकट पाण्याला चिकटलेलं. हा चिकटलेला भाग म्हणजे नांगर. मग खालचा हात पोटाकडे झटकन ओढायचा, वरच्याने फक्त दिशा द्यायची, आणि रॉड उंचावरच थांबवायचा.

बिघडतं कुठे? पहिल्या हालचालीत जोर जास्त झाला तर माशी आपल्याला ओलांडून प्रवाहाच्या वरच्या बाजूला जाते. मग पुढची फेक लाइनवरूनच लाइन नेते आणि गुंता होतो. असं दिसलं की फेकू नका, लाइन खाली वाहू द्या आणि पुन्हा सुरू करा. परत फिरवताना टोक खाली झुकलं तर लाइन पाण्याला जास्त चिकटते आणि सगळी ताकद ती सोडवण्यातच जाते. मध्ये थांबलं तरी तेच. आणि वरच्या हाताने ढकललं की लाइनचा वेटोळा रुंद होऊन वाऱ्यात कोसळतो. नव्या माणसाच्या दहातल्या आठ चुका या शेवटच्या प्रकारातल्या. वरच्या हाताची पकड दोन बोटांवर आणली तर तासाभरात फरक दिसतो.

दुपारी वारा फिरून उलट झाला. तेव्हा सिंगल स्पे: एकाच सलग हालचालीत उचलून, किंचित बुडवून, प्रवाहावरच्या बाजूला माशी फक्त टेकवायची आणि फेकायचं. ऐकायला सोपं, पण इथे वेळ चुकते. जोर जास्त झाला की नांगर धरतच नाही, माशी मागच्या झुडपात. या काठावर ही फेक डाव्या खांद्यावरून येते. दोन्ही हात वर-खाली करून फेकता येणं ही चैन नाही, गरज आहे.

प्रत्येक गुंत्यानंतर नायलॉन बोटांतून ओढून बघायचं. वाऱ्याने पडलेली छोटी गाठ दिसत नाही, नखाला लागते. ती ताकद निम्मी करते.

बुधवार

कडक ऊन, पाणी उतरतं. मासा नाही. अशा दिवशी सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सावली पडल्यावर एवढंच करावं. मधल्या वेळात पाणी तुडवत राहिलं तर संध्याकाळचा डोहही बिघडतो.

लागले ते स्मोल्ट, बोटभर लांबीची चांदीसारखी पिल्लं, एप्रिल-मेमध्ये समुद्राकडे निघालेली. ती अधाशासारखी माशीवर झेपावतात. हात ओला करून, पाण्यातच गळ उलटा फिरवून सोडवायचं. खवले इतके सैल असतात की कोरड्या बोटांना चिकटून येतात, आणि खवले गेलेलं पिल्लू खाऱ्या पाण्यात तगत नाही. काटा दाबून सपाट केलेला गळ असेल तर हे दोन सेकंदांचं काम.

हाच डोह फेब्रुवारीत वेगळा असतो. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतं, ते तोंडाने वितळवत फेकावं लागतं. आणि लागलेल्या दहा माशांत बरेचसे केल्ट, म्हणजे अंडी घालून खाली परतणारे, हडकुळे. केल्टही चांदीसारखे चमकतात आणि नवख्याला ताजे वाटतात. पोट आत गेलेलं, डोकं शरीराच्या मानाने मोठं, पर फाटके, कल्ल्यांत अळीसारखे पांढरे परजीवी: यातलं काहीही दिसलं तर केल्ट. जूनच्या अखेरीपासून ग्रिल्स येतात, तेव्हा रॉड हलका आणि नायलॉन १० पौंडी. जूनच्या रात्री समुद्री ट्राउटच्या. सप्टेंबरमधले मासे तांबूस, अंड्यांनी जड. त्यांना शक्य तितकं कमी दमवायचं.

गवतातून आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेपाशी गोचीड बघायची. इथल्या गोचिडीतून लाइम रोग होतो.

गुरुवार

पहाटेपासून पाऊस. स्कॉटलंडची पर्यावरण संस्था नद्यांची पातळी ऑनलाइन देते. ग्रँटाउनचा आलेख सकाळी सरळ वर निघालेला. पाणी चढायला लागल्यावर पहिल्या थोड्या वेळात मासा हलतो, कधी घेतोही. नंतर पानं, काटक्या, फेस आणि चॉकलेटी रंग. मग थांबायचं.

स्पे ही ब्रिटनमधल्या सर्वांत वेगवान मोठ्या नद्यांपैकी, आणि माणसं इथे बुडतात. पाण्यात चालण्याचे नियम म्हणून आज सांगण्यासारखे. काठी कायम प्रवाहावरच्या बाजूला. काठी आणि दोन पाय यातलं एका वेळी एकच हलवायचं. अंगाची कड प्रवाहाकडे, छाती कधीच नाही. गोट्यांच्या दांड्यावरून खाली खाली जात राहू नका. दोन्ही बाजूंनी पाणी खोल होतं, पुढे जाता येत नाही आणि पायाखाली खडी सरकत असताना प्रवाहाविरुद्ध परत चढता येत नाही. सर्वांत जास्त लोक अडकतात ते इथे. वेडरवर कंबरपट्टा घट्ट, त्यावर आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट, आणि त्यातला गॅसचा नळकांडा रोज सकाळी पिळून बघायचा. तो आपोआप सैल होतो. विमानाने आणायचा असेल तर कंपनीला आधी विचारावं. पडलातच तर उठायची धडपड नको. पाठीवर, पाय खालच्या दिशेला, हातांनी तिरकं काठाकडे.

नदी मासेमारीला निकामी झाली की खाली क्रेगेलाखीला जावं. टॉमस टेलफर्डने १८१४ मध्ये पुरा केलेला तिथला बिडाचा पूल १८२९ च्या महापुरात टिकला, आजूबाजूचं बरंच काही वाहून गेलं तरी. वाटेत बॅलिंडॅलॉखला एव्हन नदी मिळते. तिचं पाणी इतकं नितळ की कमरेएवढं दिसतं ते डोक्यावर असतं.

शुक्रवार

पाऊस रात्रीच थांबला, आलेख वळला. उतरतं, निवळत चाललेलं पाणी, तापमान ९. यासाठीच आठवडा घेतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून बूट दिसायला लागले की सुरू करायचं.

साडेदहाला डोहाच्या शेपटाकडे, माशी जवळजवळ लटकत असताना लाइन थांबली. झटका नाही. ओली गोणी अडकल्यासारखं वजन. इथे रॉड उचलायचा नाही. मासा माशी तोंडात घेऊन वळतो आणि आपल्या जागी परत जातो, त्या वळण्यातच गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. ताबडतोब हिसका दिला तर माशी उघड्या तोंडातून निघून येते. रीळ फिरू द्या, वजन टिकलं की सावकाश उचला.

मग काठाकडे, माशाच्या बरोबरीला किंवा थोडं खाली. खाली उभं राहिलं की त्याला प्रवाह आणि आपण, दोघांशी लढावं लागतं. उडी मारली की टोक झुकवायचं. रॉड सतत उभा धरून गोंजारत बसू नका. तो आडवा धरून बाजूला ताण दिला तर मासा तोल जाऊन लवकर येतो. पौंडामागे एक मिनिट हा जुना हिशेब आता सोडून द्यावा. जितका जास्त दमतो तितकं स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं आणि सोडल्यावर मरण्याची शक्यता वाढते.

जाळी बिनगाठीची, मोठी, पाण्यातच. मासा तिच्यात आडवा, डोकं प्रवाहाकडे. पाठ निळसर पोलादी, पोट पांढरं, आणि शेपटाजवळ दोन तपकिरी समुद्री उवा. एकीच्या मागे अजून दोऱ्यासारख्या लांब शेपट्या होत्या. गोड्या पाण्यात या शेपट्या आधी झडतात, दोन-तीन दिवसांत उवाही पडतात. म्हणजे हा मासा एक-दोन दिवसांपूर्वी समुद्रात होता आणि पुराच्या पाण्यावर चढून इथवर आला होता. जाळीच्या कडेवरच्या खुणांवरून लांबी ७५ सेंटिमीटर, म्हणजे वजन साडेचार किलोच्या आसपास. तराजूला टांगायचं नाही. शेपटीने उचलायचं नाही, मणक्यावर ताण येतो. चिमट्याने गळ काढला. फोटो हवाच तर मासा पाण्यात असतानाच.

मग एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी, सैल. पुढे-मागे हलवायचं नाही, तोंड प्रवाहाकडे ठेवलं की पाणी आपोआप कल्ल्यांतून जातं. कल्ले आधी भराभर, मग संथ. साधारण चार मिनिटांनी शेपटीत एक ताठरपणा आला आणि हातातून तो स्वतःच निघून गेला. ढकलायचं नाही, कितीही वेळ लागो.

इतका काटेकोरपणा कशासाठी? २०२३ मध्ये स्कॉटलंडभरात रॉडवर लागलेल्या सॅमनची नोंद ३२,५०० च्या आसपास होती, १९५२ पासूनच्या तोवरच्या नोंदींत सर्वांत कमी. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनची गणना धोक्यातल्या प्रजातींत झाली. रॉडवर पकडलेला सॅमन विकायला २००२ पासून बंदी आहे. दुकानात ‘स्कॉटिश सॅमन’ म्हणून मिळतो तो पिंजऱ्यात वाढवलेला. या डोहातला मासा ताटात येत नाही, आणि तेच बरं.

शनिवार

सकाळी दहाला पाणी ११ अंशांवर. लीडर बदलून तरंगता, ट्यूबऐवजी आठ नंबरची कॅस्केड नावाची माशी. फेक थोडी आडवी, म्हणजे माशी जरा जलद फिरते. दोनदा पाण्यावर फुगवटा उठला, स्पर्श नाही. अशा माशासाठी दोन मिनिटं थांबायचं, दोन पावलं मागे जायचं, एक आकार लहान माशी लावायची आणि त्याच लांबीने पुन्हा न्यायची. तिसऱ्यांदाही आला नाही तर त्याला सोडून पुढे सरकायचं.

संध्याकाळी आवरताना सांध्यांवरची पट्टी काढायची, चिकट राहिलेलं पुसून सांध्यांना मेणबत्तीचं मेण चोळायचं. तेच मेण पुढच्या वेळी सांध्यांना पकड देतं. रॉड ओल्या कापडी पिशवीत बंद करू नये, वार्निशला फोड येतात. लाइन रिळावरून पूर्ण उतरवून सैल गुंडाळायची, बॅकिंग वाळू द्यायचं. माश्या डबीत ओल्या ठेवल्या तर गळ एका रात्रीत गंजतो. वेडर उलटे करून टांगायचे, बूट वेगळे.

आणि शेवटी नोंदवही: तारीख, डोह, माशी, पाण्याचं तापमान, लांबी, सोडला की ठेवला. एकही मासा लागला नसेल तर शून्य लिहायचं, आणि तेही परत द्यायचं. नदीचा वर्षाचा हिशेब या शून्यांशिवाय जुळत नाही.